मेणबत्त्यांचा सण, २ फेब्रुवारी: अर्थ काय सांगावा, आणि किनाऱ्यावर मिरवणूक कशी काढावी?

शेवंतीचा_वाफा | २० जानेवारी, ९:४०

मंडळी, २ फेब्रुवारीला येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा सण आहे. चर्च वसई पट्ट्यातलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी साडेपाचला गावच्या क्रुसापासून चर्चपर्यंत मिरवणूक, माणसं साधारण २००, रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा. प्रश्न दोन.

मिरवणुकीआधी पाच मिनिटं लोकांना सणाचा अर्थ सांगायचा आहे. 'येशू जगाचा प्रकाश, म्हणून हातात मेणबत्ती' हे दरवर्षी सांगून झालंय. त्याच्या पुढे काय?

आणि मेणबत्त्या कुठल्या घ्याव्यात, किती लागतील, वाऱ्यात टिकतील कशा? गेल्या खेपेस अर्ध्या वाटेत निम्म्या विझल्या होत्या.

---

दुसरी_ओसरी | २० जानेवारी, ११:१५

आधी अर्थाचं बोलू, मेणाचं कोणीतरी जाणकार सांगेलच.

सुरुवात मेणबत्तीपासून करू नका, बाळंतिणीपासून करा. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, आणि सव्वा महिना झाला की पहिलं पाऊल देवाकडे. हा सण म्हणजे मरियेचा सव्वा महिना. इतकं म्हटलं की पुढच्या रांगेतल्या आज्या माना डोलावतील आणि पुढचं ऐकतील.

मोजणी अशी. २५ डिसेंबर हा पहिला दिवस धरायचा. डिसेंबरचे ७, जानेवारीचे ३१, झाले ३८; २ फेब्रुवारी हा चाळिसावा. २६ पासून मोजणारे ३ तारखेला पोचतात आणि 'एक दिवस चुकलाय' म्हणून वाद घालतात. जन्माचा दिवस धरूनच मोजायचं असतं.

हे चाळीस आले कुठून? बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १२वा अध्याय. मुलगा झाला तर आई ७ दिवस अशुद्ध, आठव्या दिवशी सुंता, त्यानंतर ३३ दिवस मंदिरात जायचं नाही. ७ आणि ३३, चाळीस. मग मंदिरात जाऊन अर्पण: वर्षाचं कोकरू आणि एक पारवा किंवा होला. कोकराची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. शुभवर्तमान लिहिणारा लूक फक्त या दुसऱ्या अर्पणाची नोंद करतो, कोकराचं नावही काढत नाही. म्हणजे घर गरिबाचं.

पण लूकच्या या दहा-बारा ओळींत दोन वेगळे नियम एकत्र आलेत, आणि प्रवचनात बहुतेकदा त्यांची खिचडी होते. एक नियम आईच्या शुद्धीचा, वर सांगितला तो. दुसरा थोरल्या मुलाचा: पहिला मुलगा देवाचा, म्हणून आईबापांनी पाच शेकेल चांदी देऊन त्याला सोडवून घ्यायचं (गणना पुस्तक, १८वा अध्याय). लूक हा दुसरा नियम आठवण म्हणून सांगतो, पण पाच शेकेल दिल्याचं कुठेच लिहीत नाही. होल्यांचा उल्लेख आहे, शेकेलांचा नाही. कित्येक भाष्यकार इथेच थांबतात: हे मूल सोडवून घेतलंच नाही, देऊन टाकलं. जुन्या करारातल्या हन्नाने आपल्या शमुवेलाला मंदिरात देऊन टाकलं होतं, तसं.

माझ्या मते तुमची पाच मिनिटं इथे खर्च करा. सणाच्या 'समर्पण' या नावाचा अर्थ या न दिलेल्या पाच शेकेलांत उलगडतो. मेणबत्ती त्यानंतर आली तर लोकांना नुसती शोभा वाटणार नाही.

---

खाडीपलीकडे | २० जानेवारी, १२:०२

+१. सव्वा महिन्याचा दुवा झकास.

भर घालतो. पूर्वी बाळंतिणीला चर्चमध्ये घेण्याचा वेगळा विधी असे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तो आहे: आई पेटती मेणबत्ती हातात घेऊन चर्चच्या दाराशी गुडघे टेकते, फादर पवित्र पाणी शिंपडतात, २४वं स्तोत्र म्हणतात, मग आपल्या स्टोलचं (गळ्यातल्या पट्ट्याचं) टोक तिच्या हातात देऊन तिला आत नेतात. आता २ फेब्रुवारीच्या मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) प्रतिसाद स्तोत्र काढून बघा. तेच २४वं, 'वेशींनो, आपली मस्तकं उंच करा' हा भाग. दार, मेणबत्ती, बाळ, आई, सगळं तेच. हल्ली तो विधी वेगळा होत नाही, बाप्तिस्म्याच्या शेवटी आईला आशीर्वाद देतात त्यात तो मिसळला.

एक चूक मात्र टाळा. 'मरिया अशुद्ध होती म्हणून शुद्धीला गेली' असं सांगू नका. १९६९ च्या चर्चच्या पंचांगापर्यंत सणाचं नाव 'मरियेचं शुद्धीकरण' होतं, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी ते आहे. तिथलं 'अशुद्ध' हे पाप नव्हे. बाळंतपणाचं सोयर पाळतात आणि बाळंतिणीला कोणी पापी म्हणत नाही, तसंच ते.

---

मेणपोळी | २० जानेवारी, १४:३०

मेणाचं मी सांगते.

आधी आकार ठरवा, किलो आपोआप निघतील. मिरवणुकीची मेणबत्ती १.३ सेंमी जाड, २० सेंमी लांब पुरे. तिचं आकारमान साडेसव्वीस घन सेंमी. मधमाशीच्या मेणाची घनता ०.९६, म्हणजे एक मेणबत्ती साधारण २५ ग्रॅमची. २०० चे ५ किलो, वाया जाणारं धरून साडेपाच. कोणी हौसेने २ सेंमी जाडीच्या करा म्हटलं तर तीच लांबी ६० ग्रॅमवर जाते, २०० ला १२ किलो. पैसे दुपटीहून जास्त आणि वीस मिनिटांच्या रस्त्यात फरक शून्य.

पॅराफिन (बाजारातलं साधं मेण) की मधमाशीचं? पूजाविधीला मधमाशीचं मेण ही जुनी रीत. १९०४ साली रोमने मिस्साच्या मेणबत्त्यांत ते बहुतांश असावं असं ठरवून दिलं होतं. लोकांच्या हातातल्या मेणबत्तीला आज तशी सक्ती नाही. पण किनाऱ्यावर फरक पडतो तो वितळण्याने. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, बाजारी पॅराफिन त्याच्या खालीच, आणि मऊ तर बरंच आधी पडतं. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत पॅराफिनच्या मेणबत्त्या दुपारभर उभ्या ठेवल्या तर संध्याकाळी केळ्यासारख्या वाकलेल्या मिळतात. कुठल्याही मेणाच्या असोत, आडव्या ठेवायच्या, कागदात गुंडाळून.

घरी करायच्या तर बुडवून करा.

मेण थेट आचेवर कधीच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं उंच भांडं. पितळ-तांब्याच्या भांड्यात मेणाला हिरवट छटा येते, लोखंडात ते काळपट होतं. भांडं मेणबत्तीपेक्षा उंच हवं, आणि इथेच पहिल्यांदा करणाऱ्यांचा हिशेब फसतो. २५ सेंमी खोल, १० सेंमी रुंद भांडं भरायलाच पावणेदोन-दोन किलो मेण लागतं आणि ते शेवटपर्यंत भरलेलंच ठेवावं लागतं, नाहीतर शेवटच्या मेणबत्त्या आखूड होतात. म्हणजे ५ किलोच्या मेणबत्त्यांना हाताशी ७ किलो मेण हवं. उरलेलं परत वापरता येतं, फुकट जात नाही.

मेण ७० अंशांच्या आसपास ठेवा. वात सरळ बुडवून लगेच वर, दोन-तीन मिनिटं टांगून ठेवा, पुन्हा बुडवा. २५ ते ३० बुड्यांत १.३ सेंमी होते. जाडी वाढायची थांबली किंवा उलट कमी व्हायला लागली, तर मेण फार तापलंय, आधीचे थर परत वितळताहेत. गुठळ्या धरायला लागल्या तर मेण थंड आहे. पहिल्या दोन बुड्यांनंतर वात हाताने ताणून सरळ करा, तिसऱ्यानंतर ती ऐकत नाही.

वात सुती, वेणीसारखी विणलेली. मधमाशीचं मेण पॅराफिनपेक्षा दाट, ते वर चढायला जाड वात लागते. पॅराफिनच्या मेणबत्तीतली बारीक वात यात घातली की ज्योत मेणात बुडून मरते. फार जाड घातली तर काजळी. आधी दोनच करून पेटवून बघा, मग बाकीच्या १९८.

मेणाला आग लागली तर पाणी ओतायचं नाही. झाकण टाकायचं आणि शेगडी बंद.

---

शेवंतीचा_वाफा | २० जानेवारी, १५:१०

मेणपोळीताई, हे सोन्यासारखं. भेसळ ओळखायची कशी?

---

मेणपोळी | २० जानेवारी, १५:२८

तुकडा मोडून बघा. शुद्ध मेणाची मोड रवाळ आणि निस्तेज दिसते, पॅराफिन घातलेलं गुळगुळीत, चकचकीत मोडतं. चिमटीत मळलं की शुद्ध मेण बोटाच्या उबेने मऊ आणि लवचीक होतं. वासावर जाऊ नका, वास घालता येतो. आणि जुन्या मेणबत्तीवर पांढरट भुकटी आली तर ती बुरशी नव्हे, मऊ कापडाने पुसली की जाते. ती असणं उलट चांगली खूण.

---

मतलई | २० जानेवारी, १८:४५

साडेपाचची वेळ कोणी ठरवली? :)

फेब्रुवारीत दुपारपासून खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि साडेपाचला त्याचा जोर गेलेला नसतो. गेल्या खेपेस मेणबत्त्या विझल्या त्या मेणामुळे नव्हेत. २ फेब्रुवारीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. त्यानंतर खारा वारा पडतो आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, अजून उठलेला नसतो. त्या मधल्या पडीत पावणेसातला निघा. शिवाय साडेपाचच्या उन्हात मेणबत्ती दिसणार तरी काय?

पहाटेची मिस्सा असेल तर मतलई असतो, पण तो मवाळ, आणि पाठीवर घेता येतो. मिरवणूक समुद्राकडून गावाकडे येत असेल तर संध्याकाळचा वारा पाठीवर, पहाटेचा तोंडावर. क्रूस कुठल्या बाजूला आहे त्यावरून ठरवा.

आता आडोसा. प्लॅस्टिकचा पेला मेणबत्तीत ओवतात तो नको. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की पेला मऊ पडून आत वळतो आणि गरम मेण हातावर. कागदी पेला पेट घेतो. कागद फक्त खाली, थेंब झेलायला: १० सेंमीचा जाड पुठ्ठा, मध्ये फुलीसारखी चीर, म्हणजे पाकळ्या मेणबत्तीला घट्ट बसतात. गोल भोक पाडलं तर चकती घसरत मुठीवर येते.

वाऱ्यासाठी कोकणात करवंटीसारखं काही नाही. नारळ फोडल्यावर डोळ्यांकडची अर्धी वाटी घ्या. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, त्यातूनच कोंब येतो. तो तापल्या सळईने मेणबत्तीच्या जाडीइतका मोठा करा. मेणबत्ती खालून वर सरकवा, वात वाटीच्या काठाच्या तीन बोटं खाली राहील इतकी. भोकाभोवती दोन थेंब मेण टाकलं की घट्ट. वाटीच्या आतले केस आणि बाहेरची शेंडी कोयत्याने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून काढा. हे नाही केलं तर ते केसच आधी पेटतात. थेंब वाटीत जमतात, हात स्वच्छ. वीस मिनिटांत मेणबत्ती बोटाच्या एका पेराइतकीही उतरत नाही, त्यामुळे मध्येच वर सरकवायची गरज नाही.

२०० करवंट्या म्हणजे २०० नारळ, कारण एका नारळाची डोळ्यांकडची वाटी एकच. आजपासून घरोघरी सांगून ठेवा.

---

वेदीसेवक | २१ जानेवारी, ८:२०

विधीचा क्रम सांगतो, कारण इथे गोंधळ होतो.

लोक चर्चबाहेर जमतात, हातात न पेटलेल्या मेणबत्त्या. भजन चालू असताना मेणबत्त्या पेटवायच्या. मग फादरांचं स्वागत आणि दोन शब्द, मग आशीर्वादाची प्रार्थना, मग पवित्र पाणी, तेही न बोलता. म्हणजे मेणबत्त्या आधी पेटतात, आशीर्वाद नंतर. बरेच जण उलटं करतात, आणि पेटवायला दहा मिनिटं गेली की आशीर्वाद आणि मिरवणूक यांची फारकत होते. मग 'प्रभूला भेटायला शांतीने निघू या' अशी हाक आणि मिरवणूक. चर्चमध्ये पोचल्यावर फादर वेदीला वंदन करतात, पश्चात्तापविधी गाळून थेट गौरवगीत. कपडे शुभ्र. वाचनं मलाखी ३, इब्री २, लूक २. सण रविवारी आला, जसा २०२५ मध्ये आला होता, तर सामान्य रविवार बाजूला सरतो आणि विश्वासांगीकारही (श्रद्धेची कबुली) म्हणायचा. इतर दिवशी तो नाही.

जागा नसेल तर दुसरा प्रकार: लोक चर्चमध्येच उभे, फादर आणि थोडी माणसं दाराशी, तिथून वेदीपर्यंत मिरवणूक. लोकांना दाराकडे तोंड करून उभं राहता आलं पाहिजे.

पेटवताना: एका ज्योतीवरून पुढे. पेटती मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्याकडे न्यायची. पेटती तिरकी केली की वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या मनगटावर. हे माईकवरून एकदा सांगा, आणि करून दाखवा.

नायलॉनच्या ओढण्या, मोकळे केस, मागच्या माणसाची ज्योत. दोन ओळींत दोन हातांचं अंतर. वाळूची बादली दर पन्नास माणसांमागे एक. दहा वर्षांखालच्या मुलांना करवंटीशिवाय मेणबत्ती नको.

---

कातळशिल्प | २१ जानेवारी, १०:०५

मी ख्रिस्ती नाही, सिंधुदुर्गात असते. धागा वाचतेय, फार माहितीपूर्ण. आमच्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांत ही मेणबत्ती जपून ठेवतात आणि पहिल्या पावसात विजा कडाडल्या की लावतात. म्हणजे ती संरक्षणाची वस्तू झाली ना? ताईतासारखी?

---

दुसरी_ओसरी | २१ जानेवारी, ११:३०

प्रश्न नेमका आहे आणि चर्चच्या आतही लोक त्यावर भांडतात.

चर्चची शिकवण अशी: आशीर्वादित मेणबत्ती, पवित्र पाणी, राख, झावळी या वस्तू संस्कार नव्हेत. वस्तूत शक्ती भरलेली नसते. आशीर्वाद म्हणजे त्या वस्तूसाठी आणि ती वापरणाऱ्यासाठी चर्चने केलेली प्रार्थना, आणि ती माणसाला कृपा घ्यायला तयार करते. धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १६७० मध्ये हे सापडेल. तेव्हा वादळात मेणबत्ती लावून घरातली माणसं भोवती बसून प्रार्थना करत असतील तर ते बरोबर. मेणबत्ती लावून सगळे झोपायला गेले तर तो ताईत, आणि खिडकीच्या पडद्याजवळ असेल तर आगीला आमंत्रण.

---

खाडीपलीकडे | २१ जानेवारी, १२:१०

ओसरी, थोडा असहमत. 'ताईत' म्हणून झिडकारू नका. वादळात होडी बाहेर असलेल्या घरात एकटी बाई मेणबत्ती लावून बसते तेव्हा तिला प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील. मेणबत्ती तिच्या वतीने जळते. ती प्रार्थना नाही तर काय?

---

दुसरी_ओसरी | २१ जानेवारी, १२:४४

मान्य. 'बसते' हा शब्द महत्त्वाचा. माझा आक्षेप झोपायला जाण्यावर होता.

आणि या मेणबत्तीचा आणखी एक जुना उपयोग मरणाचा आहे. घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तर टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन आशीर्वादित मेणबत्त्या, आणि शेवटी एक त्याच्या हातात, कोणीतरी त्याचा हात धरून. याचा दुवा शिमोनाशी जुळतो, मंदिरात येशू बाळाला ओळखणाऱ्या माणसाशी. बाळ हातात घेऊन तो म्हणतो, प्रभू, आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देतोस, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. हेच गीत चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत रोज म्हणतात, निजण्याआधी. शिमोनाच्या हातात बाळ होतं, मिरवणुकीत आपल्या हातात मेणबत्ती असते, मरताना तीच मेणबत्ती परत हातात. या सणाचं मला कळलेलं सगळ्यात नेमकं चित्र हे.

---

मतलई | २१ जानेवारी, १३:३०

अवांतर: म्हातारा शिमोन, पांढरी दाढी, याजकाचा झगा. चित्रांत असाच असतो.

---

दुसरी_ओसरी | २१ जानेवारी, १४:०२

अवांतर नाही, उत्तम मुद्दा. लूक त्याला म्हातारा म्हणत नाही. याजकही म्हणत नाही. 'यरुशलेमात शिमोन नावाचा एक मनुष्य होता', नीतिमान आणि भक्तिमान, एवढंच. प्रभूच्या ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही हे त्याला कळलेलं होतं, त्यावरून लोकांनी वय काढलं. वय लूक सांगतो ते तेव्हा मंदिरात असलेल्या हन्नाचं (शमुवेलाची आई ती वेगळी). लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर, आणि पुढे '८४ वर्षं'. ही तिच्या वयाची की वैधव्याची, हे मूळ वाक्यावरून दोन्ही बाजूंनी वाचता येतं. तिला तो संदेष्ट्री म्हणतो, फनुएलची मुलगी, आशेर वंशातली. इतका तपशील शिमोनाला नाही, आणि प्रवचनात हन्ना निम्म्या वेळा गाळली जाते.

पाच मिनिटांत हे दोघे असे सांगा: मंदिरात त्या दिवशी शेकडो माणसं असतील, याजक असतील, आणि गरिबाचं बाळ ओळखलं एका साध्या माणसाने आणि एका विधवेने.

तलवारीचं विसरू नका. त्याच दमात शिमोन मरियेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. नाताळातला शेवटचा उजेड आणि क्रुसाची पहिली सावली एकाच परिच्छेदात आहेत. पंचांगातही तसंच जुळतं. ईस्टर लवकरात लवकर २२ मार्चला येऊ शकतो, तेव्हा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात, ४ फेब्रुवारीला. म्हणजे हा सण कधीच उपवासकाळात शिरत नाही, पण कधी कधी दोन दिवसांच्या अंतरावर येऊन उभा राहतो. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, आठ दिवसांनी.

---

खाडीपलीकडे | २१ जानेवारी, १५:१५

इतिहास थोडक्यात, कोणी विचारलं तर. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू यरुशलेममधल्या या सणाचं वर्णन करते. तेव्हा तो प्रकटीकरणाच्या सणापासून (६ जानेवारी) चाळिसाव्या दिवशी, म्हणजे १४ फेब्रुवारीला असे. आर्मेनियन चर्च आजही १४ लाच पाळतं. पूर्वेकडे सणाचं नाव 'भेट', आणि मला ते 'समर्पण'पेक्षा आवडतं. मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची पश्चिमेकडची रीत त्यामानाने बरीच नंतरची, दहाव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे सण आधी, मेणबत्तीचा आशीर्वाद मागाहून. १९९७ पासून हाच दिवस व्रतस्थ धर्मबंधू-भगिनींचा म्हणूनही पाळतात. गावात सिस्टरांचं कॉन्व्हेंट असेल तर मिरवणुकीत त्यांना पुढे ठेवा.

---

शेवंतीचा_वाफा | २१ जानेवारी, १६:००

सगळ्यांचे आभार. वेळ पावणेसात केली, फादरांनी होकार दिला. दोन शंका. नाताळचा गोठा २ तारखेपर्यंत ठेवावा का? आणि दुसऱ्या दिवशी गळ्याला मेणबत्त्या लावतात त्या याच का?

---

वेदीसेवक | २१ जानेवारी, १६:४०

गोठा: आजच्या पंचांगाप्रमाणे नाताळकाळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. २ फेब्रुवारीपर्यंत ठेवणं ही जुनी घरगुती रीत. घरी ठेवा, चर्चमध्ये फादरांना विचारा. ठेवला तर गवत बदला, जानेवारीअखेर त्यात झुरळं आणि वाळवी येते.

गळ्याच्या मेणबत्त्या याच. ३ फेब्रुवारी संत ब्लासियसचा, आर्मेनियातल्या सेबास्तेचा बिशप, चौथ्या शतकातला हुतात्मा. दंतकथा अशी की मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता, तो त्याच्या प्रार्थनेने निघाला. काट्यांनी भरलेला भिंग मासा खाणाऱ्या किनाऱ्याला हा संत समजावून सांगावा लागत नाही. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या लाल फितीने बांधतात आणि गळ्याला लावून प्रार्थना. त्या न पेटलेल्या असतात. पेटत्या घेऊन कोणी हौस करू नये, केसांच्या इतक्या जवळ ज्योत नको. यासाठी चार-पाच जोड्या २ तारखेलाच आशीर्वादात ठेवा. त्या २० सेंमीच्या पुरणार नाहीत, ३० च्या करा.

वसईकरांना पुढचा सण ६ फेब्रुवारीचा, संत गोन्सालो गार्सियाचा. वसईचा हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला, तिथल्या २६ हुतात्म्यांपैकी एक. १८६२ मध्ये संत म्हणून घोषित. ५ तारखेला संत आगाथा असल्याने सण ६ ला. समर्पणाचं प्रवचन आणि हा क्रूस चार दिवसांच्या अंतरात बसतात.

---

मेणपोळी | २१ जानेवारी, १९:२०

मिरवणुकीनंतरचं कोणीच बोललं नाही. मेण सांडणारच.

सुती साडी: आधी बर्फ लावून मेण कडक करा, बोथट सुरीने खरवडा, मग वर-खाली खाकी कागद ठेवून मध्यम इस्त्री, कागद बदलत राहा. रेशमी आणि जरीला इस्त्री नको, खरवडून ड्रायक्लीनला. ओलं असताना घासलं की मेण धाग्यांत शिरतं, मग निघत नाही. फरशीवर लाकडी पट्टी, नंतर गरम पाण्यात पिळलेलं फडकं. मेण मोरीत ओतू नका, थंड झालं की पाइप तुंबतो.

उरलेली मेणबत्ती घरी नेऊ द्या, ती त्यासाठीच आहे. खोक्यात आडवी, वात अर्ध्या सेंमीच्या आसपास कापून. चर्चमध्ये राहिलेली बोटभर थोटकं कचऱ्यात टाकायची नसतात. वितळवून गाळून पुढच्या वर्षीच्या मेणात मिसळा. गाळायला जुनं सुती धोतर, चार पदरी.

---

मतलई | २१ जानेवारी, २१:०५

आणि करवंट्या टाकू नका. मेण मुरलेली करवंटी पुढच्या वर्षी भिजत नाही, जास्त टिकते. फक्त उंदरांपासून जपा, मेणाच्या वासाला येतात.

---

शेवंतीचा_वाफा | २२ जानेवारी, ७:५०

आजपर्यंत ११२ करवंट्या जमल्यात. त्यातल्या सतरा चुकीच्या अर्ध्या निघाल्या, डोळेच नाहीत.